फादरांचा परस

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, 'संस्थेच्या सेवाकार्यावर चार शब्द लिहा.' सेवाकार्यावर लिहिणारे पुष्कळ निघतील. मी आपल्या फादरांच्या उंचीवर लिहितो.

१९७२ च्या दुष्काळात मी पाचवीत होतो. सगळा नगर जिल्हा खडी फोडत होता. आमच्या मिशनमध्ये विहीर खोदा आणि धान्य न्या, असं काम निघालं. धान्य म्हणजे मिलो, अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची. आई पिठाची उकड काढून कशीबशी तिला वळण लावी.

विहिरीची खोली आमच्याकडे परसानं सांगतात. परस म्हणजे उभा माणूस. फादर मूळचे स्वित्झर्लंडचे, सहा फुटांच्या वर. ते दोरानं खाली उतरले, कडेला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि डोक्याशी खडूची रेघ ओढून म्हणाले, "येक परस." वरून माझी आजी ओरडली, "फादरबाबा, तुमच्या परसानं मापलं तर आमची मजुरी बुडाली! आमच्या म्हाताऱ्याला उतरवा!" आजोबा जेमतेम पाच फूट. सगळी विहीर हसली. फादरही हसले, पण दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आले आणि पाच फुटांचा परस ठरवून वहीत लिहून टाकला.

फुकट मात्र ते काही देत नसत. मी फी माफ करा म्हणायला गेलो, तर हातात डबा दिला आणि कडुलिंबाची वीस रोपं दाखवली. रोज पाणी घालायचं. दुष्काळात अकरा वर्षांच्या पोराला पाणी वाहायला लावणं मला आजही पटलेलं नाही. शाळेच्या फाटकाजवळ त्यातली काही झाडं अजून आहेत, तरीही नाही.

बोर्डिंगच्या ओट्यावर एकदा आम्ही विचारलं, "फादर, तुम्ही इकडं का आलात?" स्वतःबद्दल ते बोललेच नाहीत. रोममधली १५३८ च्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. कडाक्याची थंडी, धान्याचा तुटवडा. संत इग्नेशियस आणि त्यांचे सोबती रस्त्यावर गारठलेली माणसं उचलून आपल्या घरी आणत, गवतावर झोपवत, भीक मागून त्यांना जेवू घालत. त्यांच्या येशूसंघाला, म्हणजे आपल्या फादरांच्याच धर्मसंघाला, पोपची मान्यता मिळाली १५४० साली. "म्हणजे संघ मागून आला, भाकरी आधी," असं म्हणून ते दिवे मालवायला उठले.

पुढं मी जलसंधारणाच्या नोकरीत लागलो, तेव्हा याच संघाच्या फादर हर्मन बाखर यांचं काम पाहिलं. तेही स्विस, १९४८ साली भारतात आलेले. गावोगावी बाखरबाबा म्हणून ओळख. नुसत्या विहिरी खोदून भागत नाही, पाऊस डोंगरावरच अडवला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि गावाचं श्रमदान. १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभी केली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीच्या उघड्या टेकड्यांवर या संस्थेनं गावाकडून करून घेतलेलं काम मी चालत पाहिलं, आणि श्रमदानाचा हिशेब ऐकताना मला तो पाण्याचा डबा आठवला. बाखरबाबा २०२१ साली त्यांच्या मायदेशी वारले.

आपले फादर माझी दहावी झाल्यावर बदलून गेले. १९७८ साल. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. आजी टोपलीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसथांब्यावर गेली होती. पेटीत जागा नव्हती, म्हणून त्यांनी झग्याचे दोन्ही खिसे भरून घेतले.

गावात आता बोअर झाले, खोली फुटांत सांगतात. पण जुनी विहीर उपसायची निघाली की एखादा म्हातारा अजून विचारतो, "किती परस? आपल्या का फादरच्या?"