यशस्वीरित्या रद्द

मेल पहाटे कधीतरी येऊन पडला होता. मी तो साडेआठला उघडला आणि सगळ्यात आधी खुपला तो ऱ्हस्व रि. ‘आपल्या विनंतीनुसार आपली सदस्यता यशस्वीरित्या रद्द करण्यात आली असून आपले खाते बंद करण्यात आले आहे.’ रीत्या, दीर्घ. शिवाय ‘सदस्यता’ हिंदीतली, आपलं ‘सदस्यत्व’. ३१ वर्षं मुद्रितं तपासली की नजरेला हे वळण पडतं. घराला आग लागल्याची चिठ्ठी आली तरी मी आधी तिच्यातले अनुस्वार बघेन. वाक्याचा अर्थ डोक्यात शिरला तो त्यानंतर.

रद्द झालं होतं माझं टिपणांचं ॲप. ११ वर्षं मी त्यात शब्द साठवतेय. कुठल्या लेखकाला ‘इत्यादी’ चालतं पण ‘वगैरे’ चालत नाही, कुठल्या प्रकाशनाला परभाषेतली नावं कशी लिहिलेली हवीत, ‘दुरुस्त’मधला रु पहिला की दुसरा ही दर दोन वर्षांनी मला नव्याने पडणारी शंका आणि तिचं तेच ते उत्तर. हाताने लिहिलेल्या कागदांचे फोटोही आहेत. दुसऱ्या कोणाला त्याचा काडीचा उपयोग नाही आणि माझं त्याच्याशिवाय पान हलत नाही. वर्षाची वर्गणी नऊच दिवसांपूर्वी कार्डावरून कापली गेली होती.

भाच्याला फोन लावला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मला सांभाळून घेणं हे त्याचं वर्षानुवर्षांचं बिनपगारी काम आहे. मी वाक्य वाचून दाखवेपर्यंत त्याने मध्येच तोडलं. “मावशी, लॅपटॉप चालू आहे का? ॲप उघडलंयस का त्यात?”

“अजून नाही.”

“उघडू नकोस. आधी वायफाय बंद कर. आत्ता. फोन हातात ठेव, पण लॅपटॉपचं वायफाय बंद.”

मला तेव्हा कळलं नाही, पण त्या दिवशी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच होती. अशा ॲपची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि एक आपल्या यंत्रात, आणि दोन्हींचा सतत मेळ घातला जातो. सर्व्हरवर खातं गेलं आणि आपलं ॲप ऑनलाइन झालं, की ते इमानदार नोकरासारखं इथलंही पुसून टाकू शकतं. वायफाय बंद करून ॲप उघडलं, तर टिपणं होती. निर्यात करायची सोय होती, तिने मजकूर एका फोल्डरमध्ये काढून घेतला. फोटो मात्र सगळे नव्हते. बरेच दिवस न उघडलेल्या टिपणांत फोटोच्या जागी नुसता राखाडी चौकोन. ते फक्त सर्व्हरवर होते.

मग पुढचा संशय : मेल खोटा तर नसेल? घाबरवून पासवर्ड काढून घेणारे असेच मेल पाठवतात. जीमेलमध्ये मूळ संदेश दाखवणारा एक पर्याय आहे. त्यात वर, मेल खरंच त्याच ठिकाणाहून आलाय का हे पडताळणाऱ्या तीन ओळी असतात, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. यातली डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची, पत्त्यातल्या @ पुढच्या नावाची, डिजिटल सही. मजकूर वाटेत कोणी बदलला तर ती जुळत नाही. तिन्हींपुढे ‘पास’ होतं आणि डोमेनही कंपनीचंच होतं. म्हणजे मेल कंपनीचाच. ऱ्हस्व रिसकट.

भाच्याचा दुसरा तर्क पैशांचा होता. कार्डाची मुदत संपली, पैसे गेले नाहीत, म्हणून सेवा थांबली, असं नेहमी होतं. पण त्याची भाषा वेगळी असते. ‘पैसे मिळाले नाहीत, कार्डाचा तपशील बदला’ असे दोन-तीन मेल येतात, दोन-चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न होतो, आणि मग बंद. इथे तसं काही नव्हतं. बँकेच्या उताऱ्यात रक्कम ‘प्रलंबित’ नव्हती, पक्की वळती झालेली होती. शिवाय सदस्यत्व रद्द करणं म्हणजे पुढच्या वर्षीची वसुली थांबवणं. भरलेलं वर्ष एरवी संपेपर्यंत चालू राहतं. खातंच बंद करणं ही निराळी क्रिया. ती कोणीतरी मुद्दाम करावी लागते.

कोणीतरी म्हणजे कोण? ‘रद्द करण्यात आली’, ‘बंद करण्यात आले’. कर्मणीची ही सोय फार जुनी आहे. सरकारी पत्रकांत मी ती शेकडो वेळा पाहिली आहे आणि जमेल तिथे समासात बारीक अक्षरांत ‘कोणी?’ असं लिहून ठेवलं आहे. या वाक्यात कर्ता एकाच ठिकाणी डोकावत होता, तोही षष्ठीत : ‘आपल्या विनंतीनुसार’. म्हणजे मी.

तक्रार करायला गेले, तर तक्रारीचा फॉर्म लॉगिन केल्यावरच उघडतो. लॉगिन करावं, तर ‘असे खाते अस्तित्वात नाही’. बाहेरून बोलता येईल असा एकच जण होता, चॅटबॉट. मी लिहिलं, माझं सदस्यत्व चुकून रद्द झालंय. त्याने विचारलं, आपल्याला सदस्यता रद्द करायची आहे का? नाही म्हटलं. तर म्हणे, रद्द करण्याबाबत आणखी काही मदत हवी आहे का? चार वेळा घोळ घातल्यावर मी नुसतं ‘माणूस’ असं लिहिलं. त्याला ते कळलं. एक ईमेल पत्ता मिळाला.

पहिलं पत्र मी तासभर खपून लिहिलं. त्यात ११ वर्षं होती, माझा पेशा होता, विश्वासाला तडा होता, आणि एक वाक्य ठळक अक्षरांत होतं : ‘मी अशी कोणतीही विनंती कधीही केलेली नाही.’ भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मावशी, तिथे बसलेल्या पोराला दिवसाला शंभर तिकिटं, म्हणजे तक्रारी, उरकायची असतात. तुझं पत्र तो वरच्या तीन ओळींत संपवणार.” दुसऱ्यांच्या मजकुराला मी इतकी वर्षं कात्री लावतेय, तेव्हा राग न मानता स्वतःच्या मजकुरालाही लावली. सहा ओळी उरल्या. पत्र इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते :

‘माझे सशुल्क खाते माझ्या संमतीशिवाय बंद झाले आहे. वार्षिक रक्कम नऊ दिवसांपूर्वी भरली आहे. पावती क्रमांक आणि बँकेचा उतारा सोबत जोडला आहे. मी बंद करण्याची विनंती केलेली नाही. तुमच्याकडे तशी विनंती असल्यास तिची तारीख, वेळ आणि ती कोणत्या मार्गाने आली ते कळवावे. तोपर्यंत माझा डेटा कायमचा पुसू नये व खाते पूर्ववत करावे.’

शेवटचं वाक्य भाच्याचं. बंद खात्यातला मजकूर बऱ्याच कंपन्या काही काळ राखून ठेवतात. या कंपनीच्या अटींत ती मुदत ३० दिवसांची होती. तंटा कितीही रंगला तरी घड्याळ तिकडे चालूच राहणार होतं. त्याने आणखी एक बजावलं : दर वेळी याच मेलला उत्तर दे. नवा मेल टाकलास की नवं तिकीट, आणि नव्या माणसाला पहिल्यापासून रामायण.

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘आमच्या नोंदीनुसार खाते वापरकर्त्याच्या विनंतीवरून बंद करण्यात आले आहे.’ म्हणजे तेच, फक्त लांब. मी पुन्हा विचारलं, कोणती विनंती? त्यावर म्हणाले, सदिच्छा म्हणून आम्ही पूर्ण रक्कम परत करायला तयार आहोत.

इथे मी जराशी पाघळले, हे कबूल करते. पैसे परत म्हणजे जिंकल्यासारखंच वाटतं. पण पैसे घेतले की तिकीट ‘निकाली’ होणार आणि ३० दिवसांनी राखाडी चौकोन कायमचे राखाडी. मला वर्गणी परत नको होती, माझ्या वह्या परत हव्या होत्या. नको म्हणून कळवलं. शेजारच्यांनी बँकेचा मार्ग सुचवला होता. कार्डाच्या व्यवहारावर बँकेमार्फत हरकत घेता येते, व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक हरकतींना १२० दिवसांपर्यंत मुदतही असते. ज्याला पैसेच हवे आहेत आणि कंपनी दाद देत नाही, त्याने तो जरूर धरावा. पण त्यातून मिळतात ते पैसेच. वर काही कंपन्या अशी हरकत आली की त्या ग्राहकाचं खातंच अडवून ठेवतात. मी १२० दिवसांचा तो हुकमाचा पत्ता हातात ठेवला आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं : विनंती दाखवा.

आठव्या दिवशी त्यांनी ती दाखवली.

मेल माझाच होता. माझ्या पत्त्यावरून गेलेला, पाच आठवड्यांपूर्वीचा, खाली माझं नाव. विषय : ‘जुने खाते काढून टाकण्याबाबत’.

कानशिलं गरम झाली. ‘कधीही केलेली नाही’ हे वाक्य मी ठळक अक्षरांत लिहिणार होते. सहा ओळींच्या पत्रातही ते होतंच, फक्त साध्या अक्षरांत. भाच्याला सांगायचा धीर होईना. दुपारभर तो मेल उघडा ठेवून दुसऱ्याच कुणाच्या तरी कादंबरीची मुद्रितं तपासत बसले. तीन पानांत एकही चूक सापडली नाही, म्हणजे माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी तो मेल मुद्रितासारखा वाचला, बोट ठेवून. आणि मग आठवलं. ॲप पहिल्यांदा नुसतं चाखून बघितलं तेव्हा मी एक फुकटचं खातं काढलं होतं. पत्त्यात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये एक टिंब. नंतर पैसे भरून रीतसर खातं काढलं, ते टिंबाशिवाय. जीमेलच्या लेखी या टिंबाला काही किंमत नाही, टिंब घाला किंवा घालू नका, पत्र एकाच पेटीत पडतं. त्यामुळे मला दोन्ही खात्यांचे मेल एकत्र येत राहिले, आणि ते रिकामं जुनं खातं काढून टाका असं मी एकदा कंटाळून कळवलं. पण कंपनीच्या यादीत टिंबवाला आणि बिनटिंबाचा हे दोन वेगळे ग्राहक. माझ्या मेलच्या मजकुरात पत्ता टिंबासकट नीट लिहिलेला होता. मेल गेला होता मात्र बिनटिंबाच्या पत्त्यावरून, कारण माझा जीमेलचा खरा पत्ता तोच. पलीकडच्या माणसाने मजकूर वाचलाच नाही. ‘प्रेषक’ बघितला, तो शोधला, जे खातं सापडलं ते बंद केलं.

एका टिंबाने मुद्रितशोधकाचा जीव टांगणीला लागावा, हा विनोद मला त्या संध्याकाळी मुळीच रुचला नाही.

पुढचं पत्र लिहिताना हात अडखळला. आधी माझी चूक मान्य करावी की त्यांची दाखवावी? मान्य केली तर ‘बघा, विनंती केलीच होती’ म्हणून मोकळे होतील असं वाटत होतं. शेवटी पहिलीच ओळ अशी लिहिली : ‘मी विनंती केली नव्हती हे माझे आधीचे म्हणणे चुकीचे होते.’ दुसरी ओळ : ‘विनंती दुसऱ्या खात्याबद्दल होती.’ मग मेलचं चित्र जोडलं, त्यातल्या पत्त्यातल्या टिंबाभोवती लाल गोल काढला, आणि दोन खात्यांचे पत्ते एकाखाली एक मोठ्या अक्षरांत लिहिले. बाकी काही नाही. लाल गोल काढताना मात्र बरं वाटलं. सवयीचं काम.

दुसऱ्याच दिवशी उत्तर. या वेळी मसुदा छापील नव्हता, हे वाचताक्षणी कळलं, कारण त्यात ‘मी’ होतं. ‘पत्ता मी नीट वाचला नाही आणि चुकीचे खाते बंद केले. माफ करा. पूर्ववत करण्याची विनंती पुढे पाठवली आहे.’ खाली नुसतं पहिलं नाव. त्या पोराने हे वरिष्ठांना विचारून लिहिलं की न विचारता, कोण जाणे. त्याच्या बाबतीत काही तिखटमीठ लावून कळवावं असं मनात होतं, ते गेलं. उलट त्या सेवेबद्दल गुण द्या असा मेल आला तेव्हा पाच तारे देऊन टाकले.

खातं एकोणिसाव्या दिवशी उघडलं. बंद राहिलेले दिवस मागच्या टोकाला जोडून मिळाले. राखाडी चौकोन एकेक करत भरत गेले, त्यातले सहा भरलेच नाहीत. त्यांत काय होतं ते आठवत नाही, त्यामुळे नेमकं काय गेलं याचं दुःखही करता येत नाही. आता महिन्यातून एकदा सगळं निर्यात करून एका पेन ड्राइव्हवर ठेवते. भाचा म्हणतो दोन पेन ड्राइव्ह घे.

त्या ‘रित्या’बद्दलही मी त्यांना कळवलं. तिकीट क्रमांक मिळाला आहे.

आणि ते जुनं खातं, टिंबवालं, जे काढून टाका म्हणून मी खरोखर विनंती केली होती? ते अजून आहे. कालच त्याचा मेल आला, आपण बरेच दिवसांत लॉगिन केले नाही म्हणून. असू दे. मी त्याला हात लावणार नाही.