उठू दे की गं तिला

रविवारी आईला मी काढलेला भाकरीवाला लूप दाखवला, म्हणजे भाकरी थापणाऱ्या हातांचं चार सेकंदांचं हलतं चित्र, न थांबता परत परत फिरणारं. चष्मा शोधून दिला, फोन हातात दिला आणि शेजारी उभी राहिले. तिने बराच वेळ बघितलं, म्हणजे मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जास्त, एरवी लोक एवढं बघत नाहीत, अंगठ्याने वर सरकवून मोकळे होतात. मग म्हणाली, "अगं पण ही भाकरी होणार कधी? उठू दे की गं तिला." आणि फोन परत देऊन मटकीला मोड आलेत का बघायला आत गेली.

एवढंच झालं. ती चिडून बोलली नाही, चेष्टाही नव्हती. पुण्याला येताना एसटीत टेंभुर्णीपर्यंत मी तो लूप परत परत बघत होते आणि आज बुधवार आहे तरी ते वाक्य जात नाहीये.

भाकरी होणार कधी, हे तिने अगदी बरोबर धरलं. ती भाकरी होतच नाही, मी ती होऊ दिलेली नाहीये. लूपचं गणितच तसं असतं, शेवटचं चित्र पहिल्याला जुळायला हवं, नाहीतर दर चार सेकंदाला झटका बसतो आणि बघणाऱ्याला कळतं की हे परत सुरू झालं. आता खरी भाकरी थापताना काय होतं, उंडा पसरत जातो, परातीत दर थापेला थोडा फिरतो आणि थोडा मोठा होतो. फिरणं लूपमध्ये बसतं, मोठं होणं बसत नाही. म्हणून मी मोठं होणं काढून टाकलं आणि नुसतं फिरणं ठेवलं. आठ थापा, दर थापेला ४५ अंश, आठव्याला भाकरी एक फेरी पूर्ण करून जागेवर. सेकंदाला १२ चित्रं (सिनेमाच्या २४ फ्रेम असतात, एक चित्र दोन फ्रेम धरायचं), म्हणजे एका थापेला सहा, एकूण ४८. बेल्जियमच्या जोसेफ प्लाटोने १८३२ साली चित्रं हलती दिसणारी फिरती चकती केली तेव्हापासून हेच चाललंय, गोल फिरवा आणि शिवण कुठे आहे ते दिसू देऊ नका. ती शिवण लपली तेव्हा मला किती आनंद झाला होता, रात्री दीड वाजता उठून पाणी प्यायले आणि परत येऊन परत बघितलं.

आणि हात! हातावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. आधी वाटलं होतं सरळ व्हिडिओवरून गिरवू, रोटोस्कोप म्हणतात तसं, पण गिरवलेला हात आईचा वाटत नव्हता, कुणाचाही वाटत होता. मग व्हिडिओ नुसता बघायचा, बंद करायचा आणि आठवून काढायचं असं केलं. आईचा हात वर जाताना सावकाश जातो, वर क्षणभर थांबतो आणि खाली येताना एकदम येतो, म्हणून वरच्या जागेला दोन चित्रं दिली आणि खाली यायला एकच. करंगळीच्या बाजूने ती कड दाबते, बोटं थोडी उचललेली असतात. मधल्या बोटाला भाजल्याचा जुना डाग आहे तोही आहे चित्रात, फोनवर दिसत नाही पण आहे. हात थांबतो तिथेही चित्र गोठू दिलं नाही, तेच चित्र तीन वेळा नव्याने काढून फिरवलं की रेघ किंचित थरथरत राहते, हात जिवंत वाटतो.

एवढं सगळं करून काय, तर उठू दे की गं तिला.

मला रडूच आलं खरं तर. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची चित्रं हलवायची, कधी टूथपेस्टची ट्यूब, कधी बँकेचं हसरं नाणं, रात्री जेवून परत तेच हात आणि तीच पाठ घेऊन आपल्या चित्राला बसायचं, मनगटाला पट्टा लावून, आणि ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांनी... जाऊ दे. तिला कौतुक करता येत नाही असंही नाही, वहिनीच्या रांगोळीचं करते. ते असो.

पण मला टोचलंय ते कौतुक नाही. "तिला" म्हणाली ना ती. "मला" म्हणाली नाही. चेहरा मी काढलेलाच नाही, फक्त कोपरापासूनचे हात, बांगड्या आणि परात, आणि बांगड्या तिच्याच आहेत, दोन हिरव्या आणि मध्ये ती एक पातळ सोन्याची. तिने ओळखलं असणारच. तरी "तिला".

मी हे प्रेमाने केलंय. हे मी स्वतःला सारखं सांगतेय. आईचा हात कायमचा राहावा म्हणून केलं, कधी संपू नये म्हणून. आजीच्या वेळेला काहीच काढून ठेवलं नव्हतं, त्यावर आज लिहायचं नाहीये. पण न संपणं म्हणजे त्या परातीसमोर बसलेल्या बाईला काय, हे मनात आलंच नव्हतं. मला तिचे हात हवे होते, तिचा वेळ मी त्यात धरलाच नाही.

घरच्यांच्या हातांचे असे आणखीही लूप मी केलेत, आज त्या मालिकेतले बाकीचे काढून बघितले. आजोबांचा अडकित्ता बघताना असं काही वाटत नाही. सुपारी कातरली जाते, परत कातरली जाते, ते मजेत आहेत, त्यांना कुठे जायचंय. मावशीचं वाती वळणंही चालतं, कारण तिला लाख वाती करायच्या असतात आणि लाख हा केवढाही मोठा असला तरी आकडा आहे, तो झाला की उद्यापन, ब्राह्मण-सवाष्ण, पुरणपोळी. भाकरीला तसं उद्यापन नाही. तंत्र तिन्हीकडे तेच, शिवण तिन्हीकडे लपलेली, आणि एकाच ठिकाणी ती बाई अडकल्यासारखी दिसते. हे मला चित्रं काढताना दिसलं नाही, तिला दोन मिनिटांत दिसलं, कारण ती त्या परातीच्या पलीकडून बघत होती.

मग फाळके आठवले. १९१२ साली त्यांनी कुंडीत बी पेरून त्याच्या वाढीची एकेक फ्रेम घेतली, अंकुराची वाढ, जेमतेम मिनिटभराची फिल्म, लोकांनी पैसे घालावेत म्हणून दाखवायला केलेली. आमच्या धंद्यातले सगळे ती गोष्ट सांगतात, मीही सांगते, चित्र-चित्र जोडून हालचाल करायची आपल्याकडची सुरुवात म्हणून. ते बी उगवतं, वर येतं आणि फिल्म संपते, पुढे गेलेलं असतं काहीतरी. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडायचं काम त्या करायच्या, फिल्म धुवायला मदत करायच्या, आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. त्या स्वयंपाकाची फ्रेम कुणी घेतलेली नाही. घेतली असती तर कशी घेतली असती, हे आज दिवसभर मनात चाललंय. नुसते हात घेतले असते का माझ्यासारखे?

पिंगुळीला चित्रकथी ऐकली होती तेही आठवलं. तिथे चित्र हलत नाही. पोथीतलं एक चित्र समोर धरतात, सांगणारा गातो, मग पुढचं चित्र, आणि कथा शेवटाला पोचते. माझ्याकडे सगळं हलतंय, रेघसुद्धा थरथरतेय, आणि कुठे पोचत मात्र नाहीये.

हे लिहिता लिहिता राग गेला बहुतेक. रात्री तिला फोन केला, लूपबद्दल काही बोलले नाही, विचारलं की हल्ली रोज किती भाकऱ्या करतेस. म्हणाली, "पाच. एवढ्याला काय मोजायचं." आधी वीस-बावीस व्हायच्या, शेतावर गडी असायचे, आम्ही सगळे असायचो. आता पाच. त्यातही एक उरते आणि सकाळी कुस्करून दुधात.

तर पाच. मी तो जुना लूप काढून टाकणार नाहीये, तो चांगला झालाय, तो हात तिचाच आहे आणि मला तो आवडतो. पण त्याच्या जोडीला एक पूर्ण करणार आहे. यात उंडा मोठा होईल. थापून झाली की ती उचलून तव्यावर टाकेल, वरून पाण्याचा हात फिरवेल, उलटेल, फुगेल, टोपल्यात जाईल, दुसरा उंडा. असं पाच वेळा, आणि पाचव्यानंतर ती उठेल. जिफमध्ये, म्हणजे हे लूप ज्या प्रकारच्या फाईलीत असतात तिच्यात, किती वेळा फिरवायचं ते लिहायची एक जागा असते, १९९५ च्या नेटस्केप ब्राउझरपासून आलेली, तिथे शून्य टाकलं की अनंत. माझ्या सगळ्या फाईलींना तिथे शून्य आहे. ती जागाच ठेवली नाही तर चित्र एकदा चालतं आणि शेवटच्या फ्रेमवर थांबतं. घरच्यांना पाठवायची फाईल तशी करीन. इन्स्टावर टाकली की ती आपोआप परत पहिल्यापासून सुरू होणार, तिथे माझं काही चालत नाही, चालू दे. निदान मधे एकदा ती उठलेली असेल.

अडचण एकच आहे की उठणं मला काढता येत नाही अजून. हातांची सवय झालीय, पण जमिनीवरून उठताना आई आधी डावा तळवा टेकते, मग एक गुडघा वर घेते, मग थांबते, आणि त्या थांबण्यात अंगाचा सगळा भार कुठे असतो ते पाठमोरं काढून बघितलं तर पोतं उचलल्यासारखं दिसतंय. शनिवारी बार्शीला जाऊन शूट करणार आहे, समोरून आणि बाजूने, स्लो मोशनमध्ये. तिला म्हटलं गाऊनवर असलीस तरी चालेल, मला फक्त गुडघे नीट दिसायला हवेत, तर म्हणाली गाऊनवर मी कॅमेऱ्यात येणार नाही, साडी नेसेन. म्हणजे गुडघे निऱ्यांच्या आत जाणार आणि मला ते कापडावरून ओळखायला लागणार. ठीक आहे, साडी तर साडी.