रास्पबेरी पाय बिघडलेला नसतो, चार्जर अर्धपोटी ठेवतो

आजचा रविवार दादरच्या वन-बीएचकेत रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरातले दिवे, सेन्सर एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर) चढवण्यात गेला. मेमरी कार्डावर इमेज (सिस्टिमची तयार फाईल) लिहिणं, लॅन केबल लावणं, ब्राउझरमध्ये ८१२३ पोर्ट उघडणं, हे सगळं किरकोळ. रडवतो तो ड्रॉवरमधला जुना मोबाईल चार्जर. पायला ५ व्होल्ट, ३ अँपिअर हवेत. केबल बारीक असली की वाटेतच व्होल्टेज पडतं, ४.६३ च्या खाली गेलं की अंडरव्होल्टेजची तक्रार, मग मध्येच रीस्टार्ट आणि एक दिवस मेमरी कार्डाची वाट.

झिगबी डोंगल (सेन्सरशी बिनतारी बोलणारी यूएसबी काडी) निळ्या यूएसबी ३ पोर्टात खोचू नका. त्या पोर्टाचा गोंगाट नेमका झिगबी आणि वायफाय वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, शेजारच्या खोलीतला सेन्सरही गायब! काळ्या यूएसबी २ पोर्टातून मीटरभर एक्स्टेंशन केबल काढा. आजूबाजूला दहा घरांचं वायफाय असेल (मुंबईत असणारच) तर सुरुवातीलाच झिगबी चॅनेल २५ घ्या, नंतर बदललं तर काही सेन्सर पुन्हा जोडत बसावे लागतात.

आणि रिले (स्विचबोर्डात बसवून दिवा दुरून चालू-बंद करणारा छोटा स्विच) मागवण्याआधी मेन बंद करून वायरमनकडून स्विचबोर्ड उघडून घ्या. जुन्या इमारतींत बोर्डात बऱ्याचदा फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर सापडते, साध्या रिलेला लागणारा न्यूट्रल वर छताकडेच राहिलेला. मग विनान्यूट्रलवाला रिलेच घ्यायचा.