उरलेली अर्धी गाडी

शोरूममधून पिकअप घरी येते ती अर्धीच. पुढं केबिन, मागं हौदा, चार चाकं, एक स्टेपनी आणि कंपनीनं उपकार म्हणून दिलेला जॅक. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, गल्लीत पेढे वाटून झाले, की चार दिवसांत गाडी फॅब्रिकेशनवाल्याच्या दारात उभी. कार घेतलेला माणूस सीटवरचं प्लॅस्टिक महिनोन्‌महिने काढत नाही. पिकअपला मात्र हळदीकुंकू वाळायच्या आत वेल्डिंगच्या ठिणग्या लागतात आणि मालक शेजारी उभा राहून कौतुकानं बघत असतो.

मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला. आमच्याकडं कांदा, टोमॅटो, द्राक्षं. त्यामुळं पिकअप बघायला कुठं जावं लागत नाही. हंगामात लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात. आपल्या गाडीपाशी लिलाव येईपर्यंत हाताला काम नसतं. बाकीचे मोबाईल बघतात, मी दुसऱ्यांच्या गाड्या बघतो. कंपनीनं दिलेलं सगळ्यांचं सारखंच; बघण्यासारखं असतं ते नंतर जोडलेलं. डाव्या आरशाखाली चिकटवलेला छोटा गोल आरसा दिसला की समजावं, कधीतरी त्या बाजूनं एखादी मोटारसायकल दिसली नव्हती. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या पडत्या झडपेच्या, साखळीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असली, तर हा गडी पहाटे गावातून रिकामी गाडी काढतो आणि कुणीतरी त्याला खडखडाटावरून बोललेलं आहे. हौद्याखाली अँगलची चौकट करून पाण्याचा जार बसवलेला असला, तर गाडी घाटात तापते, नाहीतर मालक तरी तापतो. माणूस उगाच पैसे घालत नाही. काहीतरी नडलेलं असतं म्हणून ती वस्तू तिथं आलेली असते.

आमच्याकडं कांदा मोकळाच भरतात. गोणीचा खर्च वाचतो आणि लिलावात व्यापाऱ्याला माल हातात घेऊन बघता येतो. पण मोकळा कांदा पाण्यासारखा वाट शोधतो. म्हणून पहिलं काम फाळक्यांची उंची वाढवण्याचं: पाइपाची चौकट, तिला जाळी, चार कोपऱ्यांत खोबण्या. दुसरं काम तळाचं. हौद्याचा पत्रा नळीदार असतो, फटीत माती बसते, माती ओल धरते आणि दोन पावसाळ्यांत पत्रा खालून सडतो. यावर कुणी चेकर प्लेट मारतात, कुणी प्लायवूड टाकतात, पण सगळ्यात जास्त चालतो तो फ्लेक्स. वाढदिवसाच्या अभीष्टचिंतनाचा, निवडणुकीचा, कसलाही. ऐसपैस, पाणी न पिणारा आणि फुकट. हौद्यात आमचे एकेक लाडके नेते हात जोडून उताणे पडलेले असतात आणि त्यांच्या अंगावर पंधरा क्विंटल कांदा. व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करताना शेवटी पुन्हा त्यांचा हसरा चेहरा दिसायला लागला, की हमालांना कळतं, आता संपत आलं.

ही खोड आपलीच असं मला वाटायचं. पण पिकअपचा जन्मच मुळी अशा खटपटीतून झालेला आहे. अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी शेतकऱ्यांच्या घरी पोचली ती माणसं बसवायला. शेतकऱ्यांनी तिच्या पाठीमागं लाकडी खोकी ठोकली आणि तीतून धान्य, दुधाचे कॅन, कोंबड्या न्यायला सुरुवात केली. बऱ्याच जणांचं हे बघितल्यावर १९२५ साली फोर्डनं कारखान्यातूनच पिकअपचा हौदा बसवून गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. ऑस्ट्रेलियातली गोष्ट याहून गमतीची. १९३२ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्डला पत्र लिहिलं म्हणतात, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील, अशी एक गाडी करा. १९३४ मध्ये ती गाडी आली आणि तिकडं ‘यूट’ म्हणून घराघरात रुजली. म्हणजे घरच्या घरी ठोकाठोकी आधी झाली, कंपनी मागून आली. कंपनीला आपल्याकडं अजून फ्लेक्सचं सुचलेलं नाही, एवढंच.

आता पाट्यांबद्दल. पिकअपच्या मागच्या एक्सलवर पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले. हौद्यात वजन पडलं की ते वाकतात आणि हादरा गिळतात. किती पाटे, किती जाडीचे, हे गाडीच्या ठरलेल्या वजनावरून बेतलेलं असतं. बोलेरो पिकअप तर लोक १.३ टन, १.७ टन अशा आकड्यांवरूनच ओळखतात. पण आमच्याकडं हा आकडा म्हणजे बोलणी सुरू करायची जागा. जादा पाटा टाकला की गाडी मागं बसत नाही, दोन टनांच्या वर भरली तरी ताठ दिसते. फसवणूक होते ती इथंच. पाटा वाढला तरी एक्सल तोच, टायर तेच आणि ब्रेकही तेच, ठरलेलं वजन थांबवण्यापुरते. उतारावर हे समजतं आणि तेव्हा समजून उपयोग नसतो. शिवाय परत येताना रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर अशी उडते, की ड्रायव्हरची कंबर महिन्याभरात जाब विचारते.

द्राक्षवाल्यांचं गणित बरोबर उलटं. ताठ गाडीत घडाचे मणी गळतात आणि मणी गळाला की भाव गळाला. ते जादा पाटा टाकत नाहीत. टाकलेला असेल तर हंगामापुरता काढतात, कॅरेटखाली कागदाची कात्रणं नाहीतर फोम घालतात आणि गाडी बैलगाडीशी शर्यत लावल्यागत हाकतात. रांगेतल्या पिकअपचे पाटे मोजले तर मालक कांद्याचा की द्राक्षाचा, हे बऱ्याचदा गाडी रिकामी असतानाही सांगता येतं. आमचे मिस्तरी जादा पाट्याच्या विरुद्ध. कुणी मागितला की म्हणतात, “टाकतो ना. आधी ब्रेकला विचारून या.”

या मिस्तरींचे दोन नियम आहेत. एक, चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, वेल्डिंग नाही. चासीचं पोलाद पीळ सोसायला केलेलं असतं. तापवून जोड दिला की नेमकं जोडाशेजारी ते ठिसूळ होतं आणि वर्षा-दोन वर्षांनी तिथंच केसासारखी चीर जाते. दोन, वेल्डिंगचा होल्डर हातात घेण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटलीच पाहिजे. जुन्या डिझेल गाड्यांत एवढं कौतुक नव्हतं. एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ हा कडक नियम आला, गाडीत जागोजागी सेन्सर आले, आणि वेल्डिंगचा करंट वाट चुकून त्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये शिरला तर फाळक्याची शंभर रुपयांची कडी बऱ्याच हजारांना पडते. हे दोन नियम सोडले तर बाकी काहीही मागा, ते करून देतात. कागदावर आकृती काढत नाहीत; खडूनं सरळ गाडीवरच काढतात.

विजेच्या कामात मात्र सगळेच स्वतःला मिस्तरी समजतात. साठ-साठ वॉटचे दोन जादा दिवे लावले की झाले १२० वॉट. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ते दहा अँपिअर ओढतात. एवढा करंट केबिनमधल्या हलक्या बटणातून नेला तर आधी बटण वितळतं, मग वायरीचं वेष्टण. बटणानं फक्त रिलेला, म्हणजे मोठा करंट पेलणाऱ्या दुसऱ्या स्विचला, इशारा करावा, दिव्याचा करंट रिलेतून जावा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज असावा. साहित्य किरकोळ किमतीत मिळतं. तरी निम्म्या गाड्यांत नुसती वायर आणि चिकटपट्टी. तसं पाहिलं तर एवढे दिवे पुढं लावण्यात अर्थही नसतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवण्यापलीकडं. माझं मत विचाराल तर पिकअपला लावण्यासारखा सगळ्यात शहाणा दिवा मागं लागतो: हौद्याच्या कमानीला एलईडीची एक पट्टी, रात्री शेतात माल भरताना उजेड देणारी. तिच्यामुळं एका हातात मोबाईलची बॅटरी धरून दुसऱ्या हातानं कॅरेट उचलायची कसरत थांबते.

तशीच दुसरी शहाणी वस्तू म्हणजे हौद्याच्या कडेनं ओळीनं मारलेल्या कड्या. ताडपत्री काय, कुणीही टाकतं. ती पक्की राहते कड्यांवर आणि गाठीवर. दोरीच्या मध्यात एक फास घ्यायचा, टोक खालच्या कडीतून ओवून वर त्या फासातून काढायचं आणि खाली ओढायचं. हिशेबानं लावलेल्या जोराच्या तिप्पट ताण मिळायला हवा. घासण्यात बराचसा जातो, तरी उरतो तो पुरतो. आमच्या वडिलांना ‘यांत्रिक फायदा’ हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांनी बांधलेली ताडपत्री नाशिकपर्यंत फडफडत नसे.

शोभेच्या सामानावर मी फार बोलत नाही, कारण आमच्या पुतण्याचा तो प्रांत आहे. गोंडे, झालर, काचेवर रेडियमचं ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, पुढं काळी बाहुली. मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र नाही. २०१५ साली महाराष्ट्रात त्यावर बंदी आली, विनाकारण हॉर्न वाजवायचं ते आमंत्रण ठरतं म्हणून. हॉर्न काही कमी झाले नाहीत, आमंत्रणाशिवाय वाजतात.

कायदा खरा आठवतो तो पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या फिटनेस तपासणीच्या, दिवशी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की नोंदणीत लिहिलेले तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून हटतील असे फेरफार करायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. ते बरोबरच आहे. गार्डमुळं धक्का थेट चासीला जातो, आणि पायी चालणाऱ्याला तर तो पहारीसारखा लागतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. त्याच्या आदल्या दिवशी मिस्तरींच्या दारात जत्रा. जाळ्या उतरतात, दिवे उतरतात, गार्ड उतरतो, हॉर्न बदलतो, आणि गाडी शोरूममधून आली तेव्हा होती तशी भोळीभाबडी होऊन आरटीओत जाते. तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा अंगावर. आता वेल्डिंगपेक्षा नटबोल्टची मागणी का वाढली, हे वेगळं सांगायला नको.

नटबोल्टचे खरे उस्ताद बघायचे तर आषाढी वारीत. दिंडीबरोबरच्या पिकअपमध्ये अँगल टाकून माळा केलेला असतो: खाली पातेली, शिधा, गॅस, वर वळकट्या आणि तंबू. मागच्या बाजूला पाण्याची टाकी आणि तिला ओळीनं नळ. वारी संपली की माळा उतरतो आणि तीच गाडी भाजीपाल्याला लागते. आणि २००५ साली आलेला टाटांचा छोटा हत्ती! ७०० सीसीचं इंजिन, पाऊण टनाची झेप. त्यावर लोकांनी रसवंतीसुद्धा उभी केली. एका बाजूचा फाळका पाडला की तोच टेबल, त्यावर ग्लास मांडलेले आणि घुंगरं वाजतायत.

एक वस्तू मात्र बघितली की मी पुढं जातो. फाळक्याखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर जोडलेली पायरी, तिच्यावर पाय सटकू नये म्हणून टायरचा तुकडा ठोकलेला, आणि हौद्याच्या आत दोन्ही बाजूंना धरायला पाइप. कांद्याला पायरी लागत नाही. छाटणी आणि थिनिंगच्या, म्हणजे घडातले जादा मणी काढायच्या, दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या बागांत येतात आणि पहाटे अशाच हौद्यांतून उभ्यानं जातात. त्यांत बाया जास्त. मालाच्या गाडीत माणसं न्यायला कायद्यानं बंदी आहे, तशा गाडीला अपघात झाल्याच्या बातम्या आम्ही सगळे वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाला ‘किती जणी आहेत’ एवढंच विचारतो. ज्यानं पायरी केली त्यानं निदान चढणारीच्या गुडघ्यांचा विचार केला, असं म्हणून मी बरेच दिवस समाधान करून घेतलं. आता तसं वाटत नाही. पायरी आहे म्हणजे हे रोजचं आहे.

आमच्या स्वतःच्या गाडीवर सध्या वेगळा वाद चालू आहे. थोरल्या भावाला रिव्हर्स कॅमेरा हवा, पुतण्याला स्पीकर. वहिनींनी पायरी सांगितली, माणसं न्यायला नव्हे, आपल्याच बागेत गाडी उभी करून हौद्यात कॅरेट रचायला. द्राक्षाच्या दिवसांत वर चढून कॅरेट लावून घेतात त्या वहिनी, भाऊ खालून देतो. पैसे एकाच गोष्टीपुरते होते. मिस्तरींनी खडू हातात घेऊन विचारलं, “पायरी किती उंचीवर?” भावानं आणि पुतण्यानं एकदमच आपापल्या गुडघ्याला हात लावला. वहिनींनी मिस्तरींच्या हातातला खडू घेतला आणि त्याच्या बऱ्याच खाली रेघ मारली.