नावे : गुळाचा एक खडा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, गुळाच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. आमच्याकडं मोठा रवा, म्हणजे गुळाची ढेप, ३० किलोचा. गेल्या वर्षी दिवाळी पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त झाला, गर्दी पांगली आणि मी सहज काट्यावर उभा राहिलो. तोलाईदारानं आकडा बघितला आणि सगळ्या हमालांना ऐकू जाईल असा ओरडला, "दिवाणजी तीन रवे, वर सहा किलो!"

सगळे हसले. मीही हसलो. हसताना पोट हलतंय हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

त्याच आठवड्यात रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.३. साडेसहाला मधुमेह धरतात. डॉक्टरांनी टेप लावून कंबर मोजली, १०६ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांची नव्वदच्या आत हवी म्हणाले.

मग काय, उत्साह असा की विचारू नका. नवे बूट घेतले, जिमची वर्षाची फी एकदम भरली, भात बंद, चपाती बंद. अठरा दिवसांत चार किलो उतरले आणि मी यार्डात छाती काढून फिरायला लागलो. नंतर कळलं की त्यात बरंचसं पाणीच होतं. शरीर थोडी साखर साठवून ठेवतं, तिच्यासोबत तिच्या तिप्पट पाणी धरून ठेवतं. खाणं तोडलं की आधी ते जातं. चरबी सावकाश हलते. पुढचे पाच आठवडे काटा जागचा हलला नाही. त्यात लग्नसराई आली. एका पंगतीत जिलेबी घेतली आणि 'आता मोडलंच आहे, तर मोडू दे' म्हणून बासुंदीही घेतली. जिमला मी एकूण १९ दिवस गेलो. मार्चमध्ये पुन्हा ९५.

३१ मार्चला रात्री उशिरापर्यंत हिशेब मिटवत बसलो होतो. जानेवारीतली एक रक्कम चुकीच्या खात्यावर पडलेली सापडली. अशा वेळी आम्ही खाडाखोड करत नाही. चुकलेली नोंद तशीच राहते, आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद पडते आणि शिल्लक पुढे ओढली जाते. चूक झाली म्हणून वही कुणी जाळत नाही. आणि मी वजनाच्या बाबतीत दरवेळी वहीच जाळत होतो की!

दुसऱ्या दिवशी एक कोरी लाल चोपडी घेतली. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. चाललेलं जमेला, खाल्लेलं नावे. कुठलाच पदार्थ बंद नाही, फक्त तोंडात घालायच्या आधी लिहायचं. हे 'आधी' फार कामाचं निघालं. अर्ध्या गोष्टींसाठी पेनाचं टोपण काढायचाच कंटाळा यायचा.

पहिल्या आठवड्यातच खरा चोर सापडला, आणि तो माझ्या धंद्यातच होता. सौद्यात प्रत्येक थप्पीतला खडा मोडून चव बघायची आमची रीत. दहा ग्रॅमचा एक, असे दिवसाला पंधरा. गूळ म्हणजे औषध, असं आम्हीच गिऱ्हाइकांना सांगतो. पण १०० ग्रॅम गुळात साधारण ३८० कॅलरी, साखरेत ४००. वजनाच्या हिशेबात दोघं सख्खी भावंडं. म्हणजे जेवणाआधीच माझ्या नावे पावणेसहाशे. आता मी रंग बघतो, बोटानं दाबून कणी बघतो. चव एखाद्याच थप्पीची.

चालायचं मनावर सोपवलं नाही. पहाटे साडेपाचला माझं मन कधीच तयार नसतं. घरी दूध टाकणाऱ्याला बंद केलं आणि रंकाळ्याला फेरी मारून येताना गंगावेशच्या कट्ट्यावरून मीच दूध आणायचं ठरवलं. मी नाही गेलो तर घरात चहा नाही. बिनचहाची सौ. काय असते हे ज्याला माहीत आहे, तो शालिनी पॅलेसच्या बाजूचं गार वारं, पाऊस, सगळं सोसतो. कट्ट्यावर समोर धार काढून फेसाळ पेला पुढं करतात. कधी कधी घेतो. नावे टाकतो.

घरात मात्र भांडण झालं. "माझ्या हातचं जेवण उधारीसारखं वहीत मांडता?" म्हणून सौ. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चोपडी चाळून म्हणाली, "आमटीवरचं तूप कुठं लिवलंय?" तेव्हापासून तपासनीस तीच. रात्री भात कमी झाला, मुगाची उसळ आणि ताक वाढलं. भाकरी राहिली.

आषाढात पाव्हणे आले, तांबडा-पांढरा झाला. दुसऱ्या दिवशी काटा १ किलो ४०० ग्रॅमनं वर. पूर्वी इथंच सोडलं असतं. पण एक किलो चरबीला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. एका रात्रीत दहा-अकरा हजार जास्तीच्या खायला मी खवय्या असलो तरी तेवढा नाही. ते मिठानं धरलेलं पाणी. पावसाळ्यात गूळ ओल धरतो, तसंच. तीन दिवसांत उतरलं. तेव्हापासून रोजच्या आकड्याला किंमत देत नाही, आठवड्याची सरासरी काढतो.

गणपतीच्या सुमारास सात आठवडे ८७ वर अडकलो. चिडचिड इतकी की चोपडी कोनाड्यात फेकली होती. चार दिवसांनी सौ.नं काढून दिली. मागची पानं चाळली तर रोज संध्याकाळी 'मूठभर शेंगदाणे' लिहिलेलं. मूठ काट्यावर टाकून बघितली. ५० ग्रॅम! पावणेतीनशेच्या वर कॅलरी. मूठ हे माप आहे असं शाळेत कुणी शिकवलं होतं कोण जाणे. आता वाटीनं मोजून वीस ग्रॅम.

परवा पाडवा झाला. तोलाईदारानंच हाताला धरून काट्यावर चढवलं आणि आकडा वाचला, "दोन रवे, वर चोवीस." अकरा किलो, सात महिन्यांत. रिपोर्ट ५.९. डॉक्टरांच्या तक्त्यात माझ्या उंचीला पासष्टच्या आत हवं, म्हणजे मी अजून चांगलाच जाड.

तेवढ्यात मालकांनी मुहूर्ताच्या पहिल्या रव्याचा खडा मोडून हातावर ठेवला. पिवळाधमक, अजून थोडा कोमट. खिशातलं पेन काढलं, पाडव्याच्या पानावर उजवीकडं नोंद केली आणि खाल्ला.