अंतरा बाकी आहे

मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, सुचायला फारसं काही लागत नाही. त्र्यंबक रोडला सिग्नलवर थांबलेलं असताना सुचतो, मेथी निवडताना सुचतो. हौशी संगीतकाराच्या मोबाईलमध्ये असे मुखडे ओळीनं पडलेले असतात: ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘भीमपलास वाटतोय’. एखाद्यात मागे कुकरची शिट्टीही सापडते. अंतरा, म्हणजे त्यापुढचं कडवं, मात्र बसून करावा लागतो, आणि बसण्याचीच तर बोंब आहे.

बसलं की आधी तानपुऱ्याचं ॲप जुळवायचं. मग पट्टी काळी चार ठेवावी की पाच? तबल्याचा लूप जरा कोरडा वाटतोय, दुसरा शोधू. तास जातो आणि गाणं होतं तिथंच. हे सगळं कामासारखं दिसतं, म्हणून जास्त घातक. क्रिकेट बघत बसलो असतो तर निदान लाज तरी वाटली असती.

त्यात आमचं नाशिक. आषाढ लागला की ढोल पथकांचे सराव सुरू. संध्याकाळी ढोल घुमायला लागले की खिडक्या लावून उपयोग नसतो. माझं गाणं दादऱ्यात, सहा मात्रांचं. मैदानावरचा मामला बहुतेक चारच्या हिशेबात. बोटांवर मात्रा मोजत शब्द बसवावेत, आणि तीन ओळींनंतर बघावं तर चाल केरव्यात, त्या चारच्या हिशेबाच्या तालात, जाऊन बसलेली! खरं सांगायचं तर केरव्यात ती बरीही वाटत होती. पण मग मुखडा पुन्हा पहिल्यापासून. आणि मुखडा सुधारत बसणं हा अंतरा टाळायचा राजमार्ग आहे.

सगळ्यात कटकटीची असते ती अंतऱ्याची शेवटची ओळ. अंतरा बहुधा वरच्या षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे, झेपावतो, तिथं रमतो. तिथून उतरून मुखडा असा गाठायचा की ऐकणाऱ्याला तो पुन्हा हवासा वाटावा. वादक मंडळी हिला क्रॉस लाईन म्हणतात. माझा मुखडा उठतो मध्यमावरून, म्हणजे ‘म’वरून, आणि अंतरा येऊन थांबतो पंचमावर, ‘प’वर. एका सुराचं अंतर. त्यासाठी शब्द बदलावा तर यमक जातं, यमक राखावं तर ओळ दोन मात्रा लांबते.

अशा वेळी ‘गीतरामायण’ आठवतं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. आठवड्याला एक अशी ५६ गाणी झाली. गदिमा आणि बाबूजींच्या प्रतिभेशी आपली बरोबरी कसली! हेवा वाटतो तो त्या वेळापत्रकाचा. आमच्या पंचवटीत शूर्पणखा यायची ती ठरल्या आठवड्यात आलीच. ‘रोज एक तास रियाझ’ असं डायरीत लिहिण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. गाण्याची कुणीतरी वाट बघत असावं लागतं.

माझं आकाशवाणी केंद्र खालच्या मजल्यावर आहे. तिथल्या काकू सोसायटीच्या कोजागिरीला हे गाणं गाणार आहेत. जिन्यात भेटल्या की पहिला प्रश्न, “काय रे, झाला का अंतरा?” शेवटी काल क्रॉस लाईन तशीच अडलेली ठेवून रेकॉर्डिंग पाठवून दिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. शेवटच्या शब्दातला ‘आ’ लांबवून त्या पंचमावरून एका मींडेत, सूर न तोडता घसरत, अलगद मध्यमावर उतरल्या होत्या. शब्द तेच, यमकही शाबूत. खाली लिहिलं होतं, “हे झालं. दुसरा अंतरा रविवारपर्यंत दे.”