वाजवणारा कोण?

परवा भावकीतल्या हळदीला सूत्रसंचालकानं माइकवर जाहीर केलं, "आपल्यात उपस्थित आहेत सुप्रसिद्ध तबलावादक..." आणि माझं नाव! घाम फुटला. चार वर्षं क्लासला जातोय, अजून दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, तिरकिट हा बोल वाजवताना हात अडखळतो. मित्र मागनं ओरडला, "नाद खुळा!" (त्याला खरं काय ते माहीत आहे, म्हणून जास्तच जोरात.)

आज दायाँची (उजव्या तबल्याची) पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलायला दिली होती, ती आणायला तबले दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेलो. मामांनी चामड्याच्या वाद्या ताणल्या, लाकडी गट्टे ठोकले, मग पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हातोडीचे हलके घाव घालत चारी बाजूंनी कान लावून सूर जुळवला. काळी एक पट्टी. ट्यूनर नाही, पेटी नाही. तपासायला म्हणून सहज तीनताल धरला, त्यात एक तुकडा असा घेतला की मी पैसे काढायचंच विसरलो.

"मामा, तुम्ही तर कलाकार!"

"न्हाई वो. आमी पुडी चढवणारी माणसं."

येताना देवल क्लबवरून, कोल्हापूरच्या जुन्या संगीतसंस्थेवरून, आलो. अल्लादियाखाँसाहेब आठवले. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. ऐन उमेदीत आवाज गेला, तर उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकीच त्यांनी नव्यानं घडवली. आणि इथं माझ्या फेसबुक प्रोफाइलवर गेली दोन वर्षं 'तबलावादक' लिहिलंय.

आत्ताच खोडलं. 'तबला शिकतो' लिहिलंय. बायकोनं पहिला लाइक टाकलाय.